आजीचं स्टॅटिन थांबवायचं का? दोन पेपर आणि त्यांची अर्धवट वाचनं

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल फॅमिली ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक म्हणतो, पंचाहत्तरीनंतर स्टॅटिन बंद केलं तर हृदयविकाराचा धोका ३३ टक्क्यांनी वाढतो. दुसरा म्हणतो, म्हातारपणी ही गोळी बंद केलेली माणसं उलट जास्त दिवस जगतात आणि जास्त समाधानी असतात. गंमत म्हणजे दोन्ही मेसेज हवेतून आलेले नाहीत. दोन्हींच्या मुळाशी खरे, नावाजलेल्या जर्नलमध्ये छापलेले पेपर आहेत. पहिला फ्रान्सचा, २०१९ सालचा, युरोपियन हार्ट जर्नलमधला. दुसरा अमेरिकेचा, २०१५ सालचा, जामा इंटर्नल मेडिसिनमधला.

अडचण अशी आहे की दोन्ही पेपर अर्धेच वाचले जातात. आणि ते अर्धे वाचणारे फक्त आपले काका-मामा नाहीत. संशोधकही तेच करतात. या लेखात ते दोन्ही पेपर शेवटपर्यंत वाचायचे आहेत. वाचून झाल्यावर आजीच्या डब्यातल्या त्या एका गोळीबद्दल काय बोलता येतं आणि काय नाही, ते बघू.

एक गोष्ट आधीच सांगते. माझ्या नावामागचं 'डॉ.' हे पीएचडीचं आहे. मी औषधांच्या डेटावर काम करते, पेशंट तपासत नाही. त्यामुळे हा लेख वाचून कुणीही रात्रीतून गोळी काढून टाकू नये. हा लेख डॉक्टरांकडे जाण्याआधी वाचायचा आहे.

प्रश्न मार्कहॅममध्ये कसा उभा राहतो

मार्कहॅम हे टोरांटोच्या उत्तरेला, यॉर्क रीजनमधलं शहर. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,३८,५०३. चिनी, तमिळ, गुजराती, पंजाबी घरांच्या मधोमध मराठी घरंही आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांत तीन पिढ्या एका छपराखाली राहतात. ऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबांच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरतं कोण? बहुतेक वेळा तुम्ही. आई-बाबा कामावर असतात, आजीला बाटलीवरचं बारीक इंग्रजी दिसत नाही, आणि फार्मसीच्या ॲपचा पासवर्ड तुमच्याकडे असतो.

त्या डब्यात सकाळी थायरॉइडची, मग बीपीची, शुगरची, आणि रात्री जेवणानंतर 'हार्टची'. 'हार्टची' म्हणजे बहुतेक वेळा ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन. किती वर्षं चालू आहे, असं विचारलं तर उत्तर येतं, "पुण्याच्या डॉक्टरांनी दिली होती, कायम घ्या म्हणाले." ते डॉक्टर कदाचित निवृत्त झालेत. गोळी मात्र चालू आहे.

पासष्टीपुढच्या ओहिप-धारकांना ऑन्टारिओची औषध योजना बहुतेक गोळ्यांचा खर्च देते, एका वेळी १०० दिवसांपर्यंतचा साठा मिळतो, आणि रिफिल आपोआप होत राहतात. ही सोय चांगलीच आहे. पण या व्यवस्थेत गोळी चालू ठेवायला कुणालाच काही करावं लागत नाही. थांबवायची म्हटली तर मात्र कुणीतरी बसून विचार करावा लागतो.

गोळीचा हिशोब मुळात काय आहे

जपानच्या अकिरा एन्दो यांनी १९७३ मध्ये एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू ठळकपणे कमी केले, आणि शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद झाली. यकृतातली कोलेस्टेरॉल बनवण्याची एक पायरी ही गोळी रोखते. मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं आणि धमन्यांत साठणारा माल कमी होतो.

इथे 'साठणारा' हा शब्द लक्षात ठेवा. ही डोकेदुखीची गोळी नाही, की घेतली आणि तासाभरात फरक पडला. तिचा फायदा हळूहळू जमा होतो, रिकरिंग डिपॉझिटसारखा. २०२१ मध्ये आठ चाचण्या आणि ६५,३८३ लोकांचा डेटा एकत्र करून संशोधकांनी विचारलं: हृदयविकार न झालेल्या ५० ते ७५ वयाच्या १०० लोकांना स्टॅटिन दिलं, तर एकाचा झटका टळायला किती काळ लागतो? उत्तर आलं साधारण अडीच वर्षं. म्हणजे ज्याच्यापुढे दहा वर्षं आहेत त्याला हे डिपॉझिट फळतं. ज्याच्यापुढे सहा महिने आहेत तो हप्ते भरतो आणि मुदतपूर्तीआधीच निघून जातो.

आता वय. ज्या चाचण्यांवर आपला स्टॅटिनवरचा विश्वास उभा आहे, त्यांत अतिवृद्ध माणसं फारच थोडी होती. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये २८ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. एकूण १,८६,८५४ लोक, त्यातले ७५ च्या पुढचे १४,४८३, म्हणजे फक्त ८ टक्के. ज्यांना आधी झटका, स्ट्रोक किंवा तसा आजार झालेला होता, त्यांना ७५ नंतरही फायदा दिसला. ज्यांना तसं काही झालेलं नव्हतं, त्यांच्यासाठी पुरावा कमकुवत होता. २००२ ची प्रॉस्पर ही चाचणी खास ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ लोकांवर झाली होती, स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये. तिथेही चित्र हेच: एकूण फायदा १५ टक्के, पण तो मुख्यतः आधीच आजार असलेल्यांमध्ये.

आणि हे सगळं 'सुरू करण्या'बद्दल आहे. तीस वर्षं चालू असलेली गोळी ८७ व्या वर्षी थांबवली तर काय होतं, हा वेगळाच प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी लोक ज्या दोन पेपरांकडे धावतात, तिकडे आता वळू.

पेपर पहिला: ३३ टक्क्यांची भीती

फ्रान्समधल्या संशोधकांनी राष्ट्रीय विम्याच्या नोंदी घेतल्या. २०१२ ते २०१४ मध्ये ७५ वर्षांचे झालेले, हृदयविकाराचा इतिहास नसलेले, आणि स्टॅटिन नेमाने घेणारे १,२०,१७३ लोक. सरासरी २.४ वर्षं पाठपुरावा. त्या काळात १४.३ टक्के लोकांनी स्टॅटिन बंद केलं. बंद करणाऱ्यांना हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या कारणाने हॉस्पिटलमध्ये जावं लागण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांनी जास्त निघालं.

काम नेटकं आहे, डेटा प्रचंड आहे. पण माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला, ही माणसं ७५ ची आहेत. फ्रान्समधला ७५ वर्षांचा, कधीही झटका न आलेला माणूस म्हणजे सकाळी बाजारात जाऊन स्वतःची भाजी आणणारा माणूस. त्याच्यावरचा निष्कर्ष ८९ वर्षांच्या, वॉकर धरून चालणाऱ्या आजीला लावणं म्हणजे चाळिशीतल्या माणसाचा निष्कर्ष पंचविशीतल्या मुलाला लावण्यासारखंच आहे. तरी मथळ्यांत 'वृद्ध' या एका शब्दात दोघेही कोंबले गेले.

दुसरा, इथे कुणी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. लोकांनी गोळी आपणहून किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडली, आणि ती का सोडली हे विम्याच्या नोंदीत लिहिलेलं नसतं. सलग तीन महिने गोळी उचलली नाही, म्हणजे 'बंद' अशी त्यांची व्याख्या होती. आता विचार करा, पंचाहत्तरीतला माणूस गोळ्या उचलणं का थांबवतो? कधी कंटाळा येतो. कधी भूक मरते, वजन उतरतं, दुसरं काही मोठं दुखणं सुरू होतं. कधी विसरभोळेपणा वाढतो. यातल्या बऱ्याच गोष्टी स्वतःच पुढच्या आजारपणाची वर्दी देतात. संशोधकांनी बाकीची औषधं, इतर आजार वगैरे हिशोबात धरले होते. पण सिगारेट, कोलेस्टेरॉलचा आकडा या गोष्टी विम्याच्या नोंदीत नव्हत्या. गोळी सुटल्यामुळे आजार आला, की येऊ घातलेल्या आजाराने गोळी सोडवली, हे अशा डेटातून पूर्ण सुटं करता येत नाही.

तिसरा आक्षेप टक्क्यांवर. ३३ टक्के कशाचे? पेपरमधल्या १,२०,१७३ पैकी ५,३९६ जणांना, म्हणजे साडेचार टक्क्यांना, पाठपुराव्याच्या काळात हॉस्पिटलात जावं लागलं. वर्षाला शंभरात साधारण दोन. दोनावर ३३ टक्के वाढ म्हणजे साधारण अडीच. हा माझा ढोबळ हिशोब आहे, पण 'शंभरात दोनाचे अडीच' असा मेसेज आला असता तर किती जणांनी फॉरवर्ड केला असता?

याच विषयावर डेन्मार्कचा २०२१ चा अभ्यास मला जास्त प्रामाणिक वाटतो. पद्धत तशीच नोंदींवर आधारलेली, त्यामुळे दुसरा आक्षेप तिथेही लागू आहे. पण त्यांनी निष्कर्ष घरगुती भाषेत मांडला. ७५ पुढच्या, अनेक वर्षं स्टॅटिन घेतलेल्या आणि आधी आजार नसलेल्या ११२ जणांनी गोळी सोडली, तर वर्षाला एक जास्तीची मोठी घटना. आधी आजार झालेल्यांमध्ये ७७ जणांमागे एक. हा आकडा घेऊन आजीशी बोलता येतं. 'आजी, तुझ्यासारख्या ११२ जणींनी गोळी सोडली, तर वर्षभरात एकीला जास्तीचा त्रास होईल. बाकीच्या १११ जणींना या बाबतीत फरक पडणार नाही.' ऐकून काय ठरवायचं ते आजी ठरवेल.

पेपर दुसरा: सुटकेचा आनंद

दुसरा पेपर जीन कुटनर आणि सहकाऱ्यांचा. हा जास्त महत्त्वाचा, कारण इथे खरोखर चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. ज्यांचं आयुष्य एक महिना ते एक वर्ष उरलंय असा डॉक्टरांचा अंदाज होता, असे ३८१ लोक. सरासरी वय ७४. जवळपास निम्म्यांना कर्करोग. १८९ जणांचं स्टॅटिन बंद, १९२ जणांचं चालू.

हा पेपर नेहमी असा सांगितला जातो: बंद करणाऱ्यांचं मध्यक आयुष्य २२९ दिवस, चालू ठेवणाऱ्यांचं १९०. जीवनमान बंद करणाऱ्यांचं चांगलं. पैसे वाचले. सिद्ध झालं!

थांबा. चाचणी सुरू करताना त्यांनी स्वतःला विचारलेला मुख्य प्रश्न हा नव्हताच. मुख्य प्रश्न होता: ६० दिवसांतले मृत्यू, आणि बंद करणं हे चालू ठेवण्यापेक्षा वाईट नाही, हे दाखवता येतं का? ६० दिवसांत बंद गटातले २३.८ टक्के आणि चालू गटातले २०.३ टक्के लोक गेले. खरा फरक बंद करण्याच्या बाजूने साडेतीन टक्क्यांपासून विरुद्ध साडेदहा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, इतकी अनिश्चितता. म्हणजे 'वाईट नाही' हे ठरवलेल्या कसोटीवर सिद्ध झालं नाही. २२९ विरुद्ध १९० दिवस हा फरकही निव्वळ योगायोगाने पडू शकतो इतपतच आहे.

जीवनमानाचं काय? दहापैकी ७.११ विरुद्ध ६.८५. फरक आहे, पण छोटा. शिवाय कुणाला खोटी गोळी दिलेली नव्हती. आपली गोळी बंद झालीय हे प्रत्येकाला माहीत होतं. डब्यातली एक गोळी कमी झाली, डॉक्टरांनी बसून दोन शब्द बोलले, याचंच बरं वाटलं असेल. मला विचाराल तर तेही काही कमी नाही. पण ते गोळीच्या रसायनाचं श्रेय नव्हे.

मग हा पेपर टाकाऊ आहे का? मुळीच नाही. त्यातला सगळ्यात मोलाचा आकडा कुणी फॉरवर्ड करत नाही. हृदयाच्या घटना: बंद गटात १३, चालू गटात ११. शेवटच्या वर्षात असलेल्या माणसांची गोळी काढली म्हणून झटक्यांची रांग लागली नाही. अडीच वर्षांच्या हिशोबावरूनही हेच अपेक्षित होतं. शेवटच्या वर्षाबद्दल हा पेपर पुरेसा धीर देतो. पण यात नुकताच हृदयाचा सक्रिय त्रास झालेली माणसं घेतलेलीच नव्हती, आणि ८५ वर्षांच्या धडधाकट माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही. कॅनडात ८५ व्या वर्षी सरासरी सहा-सात वर्षांच्या आसपास आयुष्य उरलेलं असतं. ८५ म्हणजे शेवटचं वर्ष, असं गृहीत धरून हा पेपर आजोबांना लावणं, हे दुसरं अर्धवट वाचन.

तीन आज्या, तीन उत्तरं

माझी मुख्य तक्रार 'पंचाहत्तरीपुढचे' या डब्याबद्दल आहे. त्या एका डब्यात निदान तीन वेगळ्या आज्या बसल्या आहेत.

पहिली आजी ८६ ची, दहा वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला, रोज मॉलमध्ये दोन फेऱ्या मारते, दिवाळीला अजून चकल्या स्वतः पाडते. तिच्यासाठी पुरावा चालू ठेवण्याच्या बाजूने आहे. वाढदिवस झाला, एवढ्या कारणावर गोळी काढू नये.

दुसरी आजी ८४ ची, हृदयाचं कधीच काही झालेलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर आला म्हणून गोळी सुरू झाली. तिच्यासाठी पुरावा खरोखर पातळ आहे. इथे कुणी ठामपणे 'बंदच करा' किंवा 'चालूच ठेवा' म्हणत असेल, तर तो पुराव्यापेक्षा जास्त बोलतोय. तिला त्रास नसेल आणि ती आनंदाने घेत असेल तर घेऊ दे. गोळ्यांना कंटाळली असेल तर सोडणंही शहाणपणाचंच.

तिसरी आजी ९१ ची, स्मृतिभ्रंश पुढे गेलाय, गिळताना ठसका लागतो, गोळी कुस्करून दह्यातून भरवावी लागते. तिच्या बाबतीत मी गोळी थांबवण्याच्या बाजूने आहे, आणि अपराधी वाटून घेण्याचं काही कारण मला दिसत नाही. ऑन्टारिओच्या नर्सिंग होमबद्दल २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात साधारण एक तृतीयांश रहिवासी स्टॅटिनवर होते. त्यात ही तिसरी आजी किती असेल, याचा विचार अस्वस्थ करतो.

मार्गदर्शक सूचना काय म्हणतात? अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या सूचना म्हणतात की ७५ पुढे अशक्तपणा, अनेक आजार, खालावलेली हालचाल किंवा कमी उरलेलं आयुष्य यामुळे फायद्याची शक्यता घटली असेल, तर थांबवणं वाजवी ठरू शकतं. कॅनडातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी २०१५ मध्ये निघालेल्या सुटसुटीत सूचना मला जास्त उपयोगी वाटतात: हृदयविकार नसलेल्यांना ७५ नंतर नव्याने सुरू करू नका, पण आधीपासून घेत असतील आणि सोसत असेल, तर केवळ वय वाढलं म्हणून थांबवू नका.

दोन्ही ठिकाणी एक उणीव आहे. आपली माणसं या आकड्यांत जवळजवळ नाहीतच. कॅनडात धोका मोजायला वापरतात तो फ्रेमिंगहॅम स्कोअर मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावातल्या, ३० ते ७४ वयाच्या लोकांवरून बेतलेला आहे. याउलट इथूनच तासा-दीड तासावरच्या हॅमिल्टनमधून, मॅकमास्टर विद्यापीठातून चाललेल्या, ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाने दाखवलं की दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका मध्यक ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. म्हणून आपल्याकडे 'तुम्ही इंडियन, तुमचा धोका जास्त' हे वाक्य सरसकट वापरलं जातं. पन्नाशीतल्या बाबांसाठी ते बरोबर आहे. पण ५३ चा तो धोका पार करून जी आजी ८८ ला पोचली, ती त्या आकड्यातून वाचलेली माणूस आहे. तिला पुन्हा तोच आकडा दाखवून घाबरवण्यात अर्थ नाही.

आशेची गोष्ट म्हणजे हा प्रश्न नीट विचारणाऱ्या चाचण्या रचल्या गेल्या आहेत. स्वित्झर्लंडची स्ट्रीम ही चाचणी ७० पुढच्या, अनेक आजार असलेल्या पण हृदयविकार न झालेल्या लोकांत गोळी थांबवून बघण्यासाठीच आहे. अमेरिकेची प्रिव्हेंटेबल ही ७५ पुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंश आणि परावलंबित्वाशिवाय किती काळ जगता येतं, हे मोजते. झटके मोजण्यापेक्षा आजीच्या खऱ्या काळजीच्या हे जास्त जवळचं आहे. आजीला विचारा, तिला कशाची भीती वाटते. 'अंथरुणाला खिळायला नको' हे उत्तर किती घरांत येईल, तुम्हालाच माहीत आहे.

पेपरमध्ये न सापडणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी कुठल्याच चाचणीत नसतात, पण आपल्या घरांत नक्की असतात.

सुपर व्हिसावर आलेले आजी-आजोबा. त्यांना ओहिप नाही. किमान एक लाख डॉलरचा खासगी विमा घ्यावा लागतो. अशा बऱ्याच पॉलिसींत जुना आजार 'स्थिर' असला तरच पैसे मिळतात, आणि 'स्थिर'च्या व्याख्येत औषधाचा डोस वाढणं, कमी होणं किंवा बंद होणं हे सगळं 'बदल' म्हणून मोजलं जाऊ शकतं. म्हणजे निघण्याच्या महिनाभर आधी पुण्यात चांगल्या हेतूने गोळी बंद केली, तर इथे क्लेम अडकू शकतो. पॉलिसीतली ती व्याख्या आधी वाचा आणि बदल करायचा तर वेळ हाताशी ठेवून करा.

भारतातून येणाऱ्या जोड-कॅप्सूल. इकोस्प्रिन एव्हीसारख्या एका कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन दोन्ही असतात. 'कोलेस्टेरॉलची बंद' म्हणून ती काढली तर ॲस्पिरिनही गेलं. स्टेंटवाल्यांसाठी हे धोक्याचं आहे. दुसऱ्या बाजूने, हृदयविकार नसलेल्या ७० पुढच्या लोकांत रोजच्या ॲस्पिरिनने मोठा रक्तस्राव वाढतो आणि धडधाकट आयुष्य वाढत नाही, हे २०१८ च्या अ‍ॅस्प्री चाचणीत १९,११४ लोकांवर दिसलं. म्हणजे तिथे जास्त तातडीचा प्रश्न कॅप्सूलच्या दुसऱ्या अर्ध्याचा असू शकतो.

अँटिबायोटिक. ऑन्टारिओच्याच नोंदींवरून २०१३ मध्ये दाखवलं गेलं की स्टॅटिन घेणाऱ्या पासष्टीपुढच्या लोकांना ॲझिथ्रोमायसिनऐवजी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तर मूत्रपिंडाला इजा होऊन हॉस्पिटलात जाण्याचं आणि मृत्यूचंही प्रमाण वाढतं. खोकल्यासाठी वॉक-इन क्लिनिकमध्ये जाताना संपूर्ण यादी सोबत नेणं, हे स्टॅटिन थांबवण्याच्या चर्चेइतकंच महत्त्वाचं आहे.

पाय दुखणं. 'गोळीमुळेच दुखतात' असं ठरवण्याआधी लंडनमधली २०२० ची छोटी पण हुशार चाचणी आठवा. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना आलटून पालटून खरी गोळी, खोटी गोळी आणि रिकामी बाटली दिली. खऱ्या गोळीच्या महिन्यांतला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही होता. लोक खोटं बोलत नव्हते, त्रास खराच होता. त्याचं कारण बहुतांशी गोळी नव्हती. फक्त लक्षात ठेवा, ते लोक स्वतःच्या त्रासाची रोज नोंद ठेवू शकणारे होते. तिसऱ्या आजीला 'दुखतंय' हेही सांगता येत नाही.

आणि सगळ्यात शेवटी, डब्यातला खरा आरोपी. कॅनडातल्या डिप्रिस्क्रायबिंग चळवळीने सुरुवातीला ज्या पाच गटांसाठी थांबवण्याच्या सूचना तयार केल्या, त्यांत ॲसिडिटीच्या, शुगरच्या, झोपेच्या, मनोविकाराच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या होत्या. स्टॅटिन नव्हतं. झोपेच्या गोळीने आजी रात्री बाथरूमला जाताना पडते. शुगरच्या जास्त डोसने पहाटे साखर उतरते. हे नुकसान याच आठवड्यात होऊ शकतं. स्टॅटिन त्या मानाने शांत गोळी आहे. तिच्यावर एवढी चर्चा करायची आणि झोपेच्या गोळीबद्दल ब्र काढायचा नाही, हे उलटं आहे.

'सोडू नका' ही शिकवण

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने टीबी जवळून पाहिला. 'औषध अर्धवट सोडू नका' हे त्यांनी मनावर कोरून घेतलंय, आणि टीबीसाठी ते अगदी खरं आहे. पण टीबीच्या औषधाला कोर्स असतो, शेवटचा दिवस असतो. स्टॅटिनला तसा शेवटचा दिवस कुणी लिहून दिलेला नाही. त्यामुळे थांबवण्याचा विषय काढला की आजोबांना वाटतं, आपल्यावर पाणी सोडलं. मुलाला वाटतं, लोक म्हणतील खर्च वाचवला. परदेशातल्या मुलांना तर वाटतं, आपण लांब राहिलो तेव्हा काही करता आलं नाही, आता निदान गोळ्या तरी चुकवू नयेत.

या भावनेची मी थट्टा करणार नाही. पण गोळी देणं हाच काळजी घेण्याचा एकमेव मार्ग झाला, की डबा भरत जातो आणि ज्याच्यासाठी तो भरतोय त्याला कुणी काही विचारत नाही. क्यूबेकमधल्या २०१८ च्या एका चाचणीत फार्मासिस्टनी वृद्धांना त्यांच्याच काही घातक ठरू शकणाऱ्या गोळ्यांबद्दल माहितीपत्रक दिलं आणि डॉक्टरांना पत्र पाठवलं. सहा महिन्यांत ४३ टक्के लोकांची ती गोळी सुटली. माहिती न दिलेल्यांत १२ टक्के. नीट सांगितलं तर वृद्ध माणसं स्वतः निर्णय घेतात, असा माझा त्यातून अर्थ.

ऑन्टारिओत २००७ पासून मेड्सचेक ही सोय आहे. जुनाट आजारासाठी तीन किंवा जास्त गोळ्या घेणाऱ्या ओहिप-धारकाला फार्मासिस्टसोबत बसून सगळ्या गोळ्यांची उजळणी फुकट करता येते. तिथून सुरुवात करा, मग यादी घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. सोबत हे प्रश्न न्या:

- ही गोळी मुळात कशासाठी सुरू झाली? आधी झटका, स्ट्रोक, स्टेंट किंवा बायपास झाला होता का?
- पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचा फायदा होईल अशी तब्येत आहे का?
- फायदा आणि तोटा टक्क्यांत न सांगता 'शंभरातले किती' असा सांगाल का?
- एकाच कॅप्सूलमध्ये आणखी काही औषध आहे का?
- थांबवली तर पुढच्या तीन-सहा महिन्यांत काय बघायचं, आणि पुन्हा सुरू करायची वेळ कधी येईल?
- या डब्यातली सगळ्यात धोक्याची गोळी कुठली? ती हीच आहे का?

शेवटचा प्रश्न डॉक्टरांनाही आवडतो, असा माझा अनुभव आहे. आणि हे सगळं मराठीत आजीला सांगण्याचं काम तुमचं. नुसतं 'डॉक्टर म्हणाले बंद' एवढं भाषांतर करू नका. तिला आकडा सांगा, तिची भीती विचारा, आणि ती काय म्हणते ते इंग्रजीत परत डॉक्टरांना सांगा. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारे बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता.